जेलचा फोटो: ‘ऑटो’ दाबण्याआधी

आमच्या विभागातलं जेल डॉक, म्हणजे डीएनए किंवा प्रोटीनच्या जेलचा फोटो घेणारं यंत्र, माझ्याकडे असतं. रन (जेलमधून वीज सोडून तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणं) संपला की एमएस्सीची मुलं ट्रे घेऊन धावत येतात आणि सॉफ्टवेअरमधलं ‘ऑटो’ दाबतात. त्यांना मी दरवेळी सांगते, की हा फोटो म्हणजे तुमच्या प्रयोगाचं मोजमाप आहे. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते नंतर कॉम्प्युटरवर कुठून येणार?

आधी ट्रान्सइल्युमिनेटरची (जेलखालच्या यूव्ही दिव्याच्या पेटीची) काच ओल्या मऊ टिश्यूने पुसा. धुळीचे कण आणि धागेही यूव्हीत चमकतात. काचेवर पाण्याचे दोन-चार थेंब टाकून जेल एका कडेने हळूहळू टेकवा, म्हणजे खाली बुडबुडे अडकत नाहीत. जेल ट्रेसकट ठेवू नका. साधं अ‍ॅक्रिलिक यूव्ही अडवतं आणि चांगले बँडही (तुकड्यांच्या चमकत्या पट्ट्या) फिके दिसतात. ज्या हाताने जेल उचललं, त्यातच नायट्राइलचा मोजा ठेवा. दार, बटण, माउस उघड्या हाताने हाताळा. ईटीबीआर (इथिडियम ब्रोमाइड, डीएनएला चिकटून चमकणारं अपायकारक रसायन) लागलेला मोजा माउसला लागला, तर नंतर येणारे सगळे तो माउस बिनमोज्याच्या हाताने धरणार. मला याची खरंच काळजी वाटते.

मग फिल्टर पाहा. इथिडियम ब्रोमाइडला ३०२ नॅनोमीटरचा यूव्ही चालतो आणि ते ६०० नॅनोमीटरच्या आसपास नारिंगी चमकतं. सायबर सेफ हा डीएनएचा दुसरा डाय निळ्या प्रकाशात चालतो, पण त्याची चमक हिरवी, ५३० च्या जवळपास. नारिंगी फिल्टर तसाच राहिला, तर ती चमक बरीचशी कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. बँड दिसला नाही म्हणून पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेला) दोष देण्याआधी फिल्टर तपासा. सगळं जेलच उजळ दिसत असेल, तर ते पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात ठेवा. जास्तीचा ईटीबीआर निघून जातो आणि पार्श्वभूमी काळी होते.

आता एक्स्पोजर. इथे घाई करू नका. १६ बिटच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला ० ते ६५,५३५ एवढी जागा असते. ८ बिटमध्ये फक्त ० ते २५५. पिक्सेल वरच्या टोकाला पोचला, की पुढे डीएनए दुप्पट असो वा दहापट, आकडा तोच. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. बहुतेक सॉफ्टवेअर असे पिक्सेल लाल किंवा दुसऱ्या ठळक रंगात दाखवतात. तो पर्याय कायम चालू ठेवा. ‘ऑटो’ पुष्कळदा सर्वांत उजळ भागाकडे पाहून वेळ ठरवतं. तो भाग तुमचा बँड नसून लॅडर (माहीत असलेल्या आकाराच्या तुकड्यांचं मिश्रण) किंवा वेलमध्ये (नमुना भरतात त्या खाचेत) अडकलेला जिनोमिक डीएनएही असू शकतो. म्हणून वेळ हाताने ठरवा. कमी वेळेपासून सुरू करून दुप्पट करत जा आणि लाल दिसलं की एक पायरी मागे या. फिकट बँडसाठी जास्त एक्स्पोजरचा वेगळा फोटो जरूर काढा, पण त्यातल्या भडक बँडची तीव्रता मोजायची नाही. झूम आणि फोकस हे सगळं पांढऱ्या दिव्यात आधीच उरका. यूव्ही चालू ठेवून फोकस शोधत बसलात, तर डाय विझत जातो.

एक फसवी जागा सांगते. लोडिंग डायमधला (नमुन्यात मिसळतात त्या रंगातला) ब्रोमोफिनॉल ब्लू एक टक्का अगॅरोजच्या जेलमध्ये साधारण ३०० बेस पेअर लांबीच्या डीएनएच्या जवळ धावतो आणि तिथे काळी सावली टाकतो. तुमचा तुकडा नेमका तेवढाच असेल, तर तो त्या सावलीत हरवतो. अशा वेळी लोडिंग डायमध्ये ऑरेंज जी घ्या. तो पुष्कळ पुढे निघून जातो.

क्लोनिंगसाठी (तुकडा जिवाणूत घालून वाढवण्यासाठी) बँड कापायचा असेल, तर ३०२ चा दिवा लावूच नका. त्या यूव्हीने शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना जोडले जातात. डीएनए जेलवर सुरेख दिसतो आणि पुढे जिवाणूंच्या वसाहती येत नाहीत. ३६५ नॅनोमीटर किंवा निळा प्रकाश वापरा. तीही सोय नसेल, तर त्याच नमुन्याची एक लेन (रांग) कडेला चालवा, तेवढीच पट्टी कापून यूव्हीवर न्या, बँडच्या जागी खाच करा आणि पट्टी पुन्हा जेलला लावून बाकीचा बँड अंदाजाने कापा. उघड्या यूव्हीवर काम करताना चेहऱ्यावर शील्ड हवंच. मोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगट उघडं राहतं, तेही झाका.

प्रोटीनच्या कुमासी (निळ्या रंगाने रंगवलेल्या) जेलला यूव्ही नको. पांढरी प्लेट लावा आणि नारिंगी फिल्टर काढा. वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रोटीन जेलवरून मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर घेऊन अँटीबॉडीने शोधण्याच्या पद्धतीच्या) केमिल्युमिनेसन्सला तर दिवाच नको. रासायनिक क्रियेमुळे मेम्ब्रेन स्वतः चमकतं आणि थंड केलेला कॅमेरा अंधारात ते टिपतो. तिथे १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट असे फोटो ओळीने घ्या. बँडच्या मधोमध पांढरी पोकळी दिसली, तर बहुतेक वेळा तिथे अँटीबॉडी जास्त झालेली असते आणि सबस्ट्रेट (चमक देणारं रसायन) संपलेला असतो. मग एक्स्पोजर बदलून उपयोग नाही, अँटीबॉडी पातळ करूनच पुन्हा करावं लागतं.

तालुक्याच्या कॉलेजात जेल डॉक नसेल, तर ट्रान्सइल्युमिनेटरवर काळा खोका ठेवा, वर भोक पाडून त्यावर नारिंगी फिल्टर लावा आणि मोबाइलने फोटो घ्या. बँड आहे की नाही, आकार किती, एवढं त्यातून नीट कळतं. तीव्रता मात्र त्यावरून मोजू नका; मोबाइल स्वतःच उजेड-अंधार जुळवत असतो.

मूळ फाइल टिफमध्येच ठेवा आणि तिच्यावर काहीही करू नका. कॉन्ट्रास्ट बदलायचा तर प्रतीवर, आणि संपूर्ण फोटोला सारखा. एकच लेन उजळवणं, नको असलेला बँड पुसणं, दोन जेलमधल्या लेन रेघ न दाखवता जोडणं ही फसवणूक आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी २०,६२१ शोधनिबंध तपासले, तेव्हा ३.८ टक्क्यांमध्ये संशयास्पद चित्रं सापडली. फाइलच्या नावात तारीख, जेल क्रमांक, फिल्टर आणि एक्स्पोजर लिहा. लेनची यादी त्याच दिवशी वहीत उतरवा, मग जेल ईटीबीआरच्या वेगळ्या कचऱ्यात टाका आणि काच पुसून दिवा बंद करा.