फराळाच्या पाकिटासाठी प्लास्टिक कोणतं घ्यावं

इंदूरच्या सियागंज बाजारात पिशव्या घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती मायक्रॉन?", म्हणजे पिशवी किती जाड हवी. उत्तर देऊ नका. आधी सांगा, आत काय भरणार. जाड पिशवी घेतली की माल टिकतो, हा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला आणि तो चुकीचा आहे.

साधी पॉलिथिनची पिशवी ओल अडवते, हवा अडवत नाही. पोहे, डाळी, साबुदाण्याला पुरे. तळलेल्या चिवड्याला नको, तेल खवट होतं. बीओपीपी म्हणजे ती चकचकीत, कुरकुर वाजणारी. दिसायला देखणी, पण हवेला तीही कच्ची, आणि साध्या बीओपीपीला सीलर, म्हणजे उष्णतेनं पिशवीचं तोंड चिकटवणारं यंत्र, लागला की ती आकसते. शेव-चिवडा महिनाभर ठेवायचा असेल तर आतून चंदेरी असलेला लॅमिनेटेड, म्हणजे प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवून केलेला, पाऊचच घ्या. ओल, हवा, उजेड तिन्ही अडतात. मात्र हे थर एकमेकांपासून सुटत नाहीत, त्यामुळे त्याचा पुनर्वापर अवघड. आठ दिवसांत संपणाऱ्या मालाला तो वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. इंदूरच्या घराघरांत सुका कचरा वेगळा काढतात, तर निदान पुढे उपयोगी पडेल असं प्लास्टिक त्यात जावं.

लोणच्याला पेट (PET) प्लास्टिकची बरणी, तळाच्या त्रिकोणात १ आकडा असतो. लोणचं पूर्ण निवल्यावरच भरा, गरम भरलं तर बरणी वाकडी होते. गरम पदार्थाला पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आकडा ५.

आता सील. एका दिवाळीत माझी चाळीस पाकिटं सादळली. मी पिशवी बदलली, आणखी जाड घेतली, तरी तेच. दोष सीलमध्ये होता.

लॅमिनेटेड पाऊचचा बाहेरचा थर पेटचा, आतला पॉलिथिनचा. उष्णतेनं फक्त आतला वितळून चिकटायला हवा. तिथे तेलाचा थेंब किंवा मेतकुटाची पूड राहिली, की तेवढ्या जागी तो चिकटतच नाही. वरून सील सरळ दिसतं, म्हणून फसायला होतं. रुंद तोंडाच्या नरसाळ्यानं भरा, वरचा दोन बोटं भाग कोरड्या फडक्यानं आतून पुसा.

हातसीलरचा दिवा विझला की दांडा लगेच उचलू नका. वितळलेला थर दाबाखालीच गार व्हायला हवा, तीन आकडे मोजा. मी हेच करत नव्हते.

प्रत्येक नव्या गठ्ठ्यातला एक पाऊच नुसती हवा भरून सील करा, पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडे आले तर सीलरची वेळ थोडी वाढवा आणि पुन्हा बुडवा.