डाँगल गच्चीवर, लॅपटॉप खाली

अँटेना गच्चीवर आणि लॅपटॉप तळमजल्यावर असेल, तर मधे लांबलचक कोॲक्स (अँटेनाची केबल) ओढू नका. सिग्नल वाटेतच झिजतो. आरटीएल-एसडीआर डाँगल (संगणकाला लावायचा छोटा यूएसबी रेडिओ रिसीव्हर) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लावून वर ठेवा आणि खाली लॅन केबल सोडा. पायवर ‘आरटीएल-टीसीपी’ (डाँगलचा सिग्नल नेटवर्कवरून पाठवणारा प्रोग्राम) चालवताना पत्ता 0.0.0.0 द्या, नाहीतर ते घरातल्या दुसऱ्या कुणाला दारच उघडत नाही. लॅपटॉपवरच्या एसडीआर सॉफ्टवेअरमध्ये पायचा आयपी आणि पोर्ट 1234 टाकलं की झालं, आकाशवाणी सोलापूर लावून बघा.

आवाज तुटतोय? सेकंदाला 24 लाख सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) म्हणजे साधारण 38 एमबीपीएस. लॅन केबलऐवजी वायफाय वापरत असाल, तर दोन स्लॅबपलीकडे ते तिथे दम टाकतं. सॅम्पलचा रेट अडीच लाखांवर आणा. एका एफएम स्टेशनला तेवढा पुरतो आणि ओझं 4 एमबीपीएसवर येतं.

राउटरवर हा पोर्ट बाहेर मात्र उघडू नका, याला पासवर्डच नसतो.

आणि आपला मे महिना! माझं डाँगल पत्र्याखाली होतं, भर दुपारी बंद पडलं. निवल्यावर परत चाललं. आता जिन्याच्या सावलीत, झाकण काढलेल्या डब्यात असतं.