मोडी वाचनात मन कसे रमवावे

दुपारी जेवण आटोपून मोडी या जुन्या मराठी लिपीतले पत्र घेऊन बसलेला माणूस दिवेलागणीलाच मान वर करतो, ही गोष्ट मोडी शिकणाऱ्यांना नवी नाही. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने आपल्या १९९०च्या ग्रंथात अशा तल्लीनतेची जी लक्षणे सांगितली, त्यांत काम आपल्या कुवतीच्या किंचित वरचे असणे आणि केलेले बरोबर की चूक हे लगेच कळणे ही दोन महत्त्वाची आहेत. मोडीत ही दोन्ही सहज साधतात, कारण शब्द चुकीचा लावला की पुढचे वाक्य अडते आणि बरोबर लागला की ओळच्या ओळ मोकळी होते. मात्र ही अवस्था आपोआप येत नाही, तिची थोडी तजवीज करावी लागते.

सुरुवात वाचनाने न करता लिहिण्याने करावी. मोडीत आधी कागदभर आडवी शिरोरेषा ओढतात आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे लिहीत जातात. तशीच रेघ ओढून बाराखडी गिरवावी. त्यानंतर नात्यातल्या माणसांची नावे, आपल्या तालुक्यातील गावे आणि ‘सरकार’, ‘कारकून’, ‘बरोबर’ यांसारखे शब्द लिहावेत, कारण ‘र’ शेजारच्या अक्षराला जोडला गेला की त्याचे रूप पालटते आणि नवशिके बहुधा तिथेच अडखळतात. अक्षरांचा तक्ता छापील न वापरता स्वतःच्या हाताने तयार करावा. पुढे वाचताना तो पाहावा लागतो तेव्हा हाताला वळण आठवते, आणि प्रत्येक अक्षरासाठी मोबाइल उघडण्याचा मोह टळतो.

कोणता कागद निवडावा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. बहुतेकांना घरातले जुने खरेदीखत किंवा गहाणखत आधी वाचायचे असते, आणि माझ्या मते उत्साह मावळतो तो त्यामुळेच. इंग्रजी अमदानीतील असे दस्त पुष्कळदा टाकाने, म्हणजे निबाच्या लेखणीने, घाईघाईत लिहिलेले आणि किरट्या अक्षरांतले असतात. त्याऐवजी बोरूच्या लेखणीने लिहिलेले, पेशवेकालीन वळणदार हाताचे एखादे छोटे पत्र देवनागरी लिप्यंतरासह मिळवावे. लिप्यंतर दुमडून बाजूला ठेवावे. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथील मोडी संग्रहांकडे वळण्याची वेळ पुष्कळ नंतर येते. मूळ कागद समोर घेऊन सराव करू नये, मोठी छायाप्रत पुरते.

पत्र हाती आल्यावर पहिल्या अक्षरापासून कुस्ती करू नये. आधी ओळखीच्या जागा शोधाव्यात: मायन्यातील ‘राजश्री’, पुढे ‘विनंती विशेष’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, आणि तारखेपूर्वीचा ‘छ’, म्हणजे चांद्र तारखेची खूण. अक्षरापुढे दोन उभे दंड दिसले तर तो बहुधा संक्षेप असतो. ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘मौ॥’ म्हणजे मौजे (गाव). आकड्यांपुढे मात्र तेच दंड अर्धा दाखवतात, एक दंड पाव आणि तीन दंड पाऊण. एवढे हाती लागले की पत्राचा सांगाडा उभा राहतो आणि उरलेले शब्द त्यात बसवत जाणे हेच काम राहते.

हे बसवणेच वेळ विसरायला लावते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नाही. समजा, ओळीत ‘कामासनदेणे’ असे दिसले. जुन्या कागदात सनदांचा, म्हणजे सरकारी अधिकारपत्रांचा, उल्लेख नेहमीचा, म्हणून डोळा आधी ‘सनदे’ पकडतो. पण मग मागे ‘कामा’ आणि पुढे ‘णे’ लोंबकळत राहतात. दोनतीनदा मोठ्याने वाचल्यावर ‘कामास न देणे’ असे उलगडते आणि आधीच्या ओळीतील तक्रारीचा अर्थही तेव्हाच लागतो. तसेच ‘सुत’ म्हणजे मुलगा की कापसाचे सूत, हे पुढे वारसाची गोष्ट आहे की वजनाची, यावरून ठरते. न लागलेल्या शब्दासाठी वहीत तेवढीच मोकळी जागा सोडून पुढे जावे. तोच शब्द चार ओळींनंतर स्पष्ट अक्षरात भेटण्याचा संभव असतो. सगळे पत्र संपल्याशिवाय दुमडलेले लिप्यंतर उघडू नये.

बसण्यासाठी सलग दीड-दोन तास मोकळे ठेवावेत, फोन दुसऱ्या खोलीत असावा आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा. गॅसवर काही ठेवून मात्र बसू नये. डोळ्यांना ताण जाणवू लागला की मधूनमधून लांबवर पाहावे. थांबताना ओळ पूर्ण करण्याचा हट्ट नसावा. पुढचा शब्द जवळजवळ लागला आहे अशा ठिकाणी पेन्सिलीची खूण करून उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी वही उघडल्याबरोबर हात चालू लागतो.