भीमेवर होडीतून तीन दिवस: मासेमारी आणि मुक्कामाची आखणी

सोलापुरातून नदीवर मुक्कामाला जायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती होडीची. होडी मिळून जाते. आधी बघायचं ते पाणी. उजनीच्या खालची भीमा धरणातून पाणी सोडलं की वाहते. एरवी ती एकामागून एक बंधाऱ्यांच्या मागे तुंबून असते. अशा वेळी होडी आपसूक वाहत जाणार नाही, वल्हं मारावं लागेल. त्यामुळे तारीख, टप्पा आणि सामान हे सगळं पाण्यावरून ठरवायचं.

पाणी बघून तारीख

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवलेलं पाणी. उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्यात उतरलं की जिल्ह्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' असं म्हणतात. सोलापूरच्या वर्तमानपत्रांत धरणाची टक्केवारी येतच असते. धरण मायनसमध्ये असेल तर हा बेत पुढच्या वर्षावर टाका.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा उत्तम काळ. पाणी भरपूर असतं, ऊन सोसवतं आणि काठावरच्या रानात ज्वारी हुरड्याला आलेली असते. कार्तिकी एकादशीच्या आगेमागे मात्र पंढरपूरकडचा टप्पा घेऊ नका. गर्दी असतेच, शिवाय चंद्रभागेच्या वाळवंटासमोर गळ टाकून बसणं कुणालाच रुचणार नाही. तो भाग मासेमारीसाठी वर्षभर सोडून दिलेला बरा.

पावसाळ्यात नदीत उतरायचं नाही. उजनीतून लाख क्युसेकच्या (सेकंदाला लाख घनफुटांच्या) वर विसर्ग होऊ शकतो. नुसत्या उजनीवर डोळा ठेवून भागतही नाही, कारण वीर धरणाचं पाणी नीरेतून येऊन नरसिंहपूरच्या संगमावर भीमेला मिळतं. उजनी शांत असली तरी पंढरपुरात पाणी चढतं ते असं. कटला-रोहूचा अंडी घालण्याचा काळही हाच.

एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव ते कळाशी जाणारी बोट अचानक सुटलेल्या वाऱ्यात उजनीच्या जलाशयात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. बॅकवॉटरचं, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याचं, पात्र इतकं रुंद आहे की वारा सुटला की लाटा उठतात आणि काठ हाताशी नसतो. पहिल्या खेपेला बॅकवॉटर नकोच, नदीचं पात्र धरा.

उजनीतून नदीत अधूनमधून पाणी सोडतात. ते सोलापूरच्या बाजूच्या औज बंधाऱ्यापर्यंत पोचायला आठवडाभर तरी लागतो. म्हणजे पेपरात बातमी वाचल्यावर तयारीला वेळ मिळतो. पण पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर जाऊ नका. तो काटक्या, जलपर्णी, सगळी घाण पुढे रेटत येतो. पात्र एकसारखं वाहू लागलं की निघा.

टप्पा: एका बंधाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत

मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडून पात्रातला प्रत्येक कोल्हापुरी (दारं घालता-काढता येणारा) बंधारा, पूल आणि काठाला येणारा गाडीरस्ता टिपून घ्या. या नदीवरचा सगळ्यात मोठा धोका बंधारा हाच. दारं बसवलेली असतील तर पाणी वरून सांडतं आणि खाली भोवरा होतो; दारं काढलेली असतील तर खांबांमधून ओढ लागते. दोन्हीकडे होडी अडकते आणि माणूस खाली खेचला जातो. 'एवढ्याशा फटीतून जाईल की' असं म्हणणारा सोबती असेल तर त्याला घरीच ठेवा. बंधारा दिसला की लांबूनच काठाला लागायचं, सामान उतरवायचं आणि होडी उचलून पलीकडे न्यायची. हे ओझं उचलणं टाळायचं तर दोन बंधाऱ्यांमधलाच टप्पा निवडावा. दिवसाला आठ-दहा किलोमीटर पुरे. मासे धरायचे असतील तर त्याहूनही कमी.

सुरुवातीला माचणूर सोयीचं. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर. काठावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि पलीकडे बेगमपूर. शेजारच्या ब्रह्मपुरीत १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. देवळाचा घाट सोडून थोडं खाली जाऊन होडी पाण्यात घाला. दुसरा पर्याय म्हणजे हत्तरसंग कुडलच्या अलीकडचा टप्पा. तिथं सीना भीमेला मिळते आणि संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. पण दक्षिण सोलापुरात बऱ्याच ठिकाणी पलीकडचा काठ कर्नाटकात जातो. तिकडे मुक्काम करायचा तर तिथली परवानगी वेगळी.

विचारपूस

बंधारे आणि तलावांतली मासेमारी बहुधा मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असते. सोलापुरातल्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात आणि गावातल्या संस्थेत आधी विचारा. काठच्या गावातला एखादा कोळी किंवा भोई दादा मजुरी देऊन तीनही दिवस सोबत घ्या, हा माझा आग्रह आहे. वाळू उपशाचे खड्डे कुठं आहेत हे नकाशात दिसत नाही, त्याला ठाऊक असतं. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर खोल पडतं. मुक्कामाच्या गावच्या पोलीस पाटलांनाही कळवून ठेवा. रात्री वाळूकाठी उजेड दिसला की लोकांना वाळूचोरांचा संशय येतो, आणि तो उगाच नसतो.

होडी आणि सामान

दोन माणसांमागे एक होडी. हवेची घेतली तर जाड कापडाची घ्या, कारण वेड्या बाभळीचे काटे काठाला सगळीकडे असतात. पंप आणि ठिगळाचं सामान हवंच. पुरात गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसं या भागात होती, पण ते कसब त्यांचं. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, आणि पट्टे आवळलेलं.

पिण्याचं पाणी घरून न्या, माणशी रोज चार लिटर. पुणे-पिंपरीचं सांडपाणी याच नदीत येतं, त्यामुळे नुसतं उकळून भागणार नाही.

जेवणाच्या बाबतीत सोलापूरकराला चिंता नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तीन दिवस काय, कितीही टिकते. फक्त भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल लागली की ती कडक राहत नाही. सोबत कांदा, गूळ, डाळ-तांदूळ आणि छोटा गॅस. मासे मिळतीलच या भरवशावर स्वयंपाक आखू नका. सोलापुरी चादर जरूर न्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत, कारण भिजली की ती दिवसभर वाळत नाही.

गळ

पहाटे आणि दिवस कलल्यावर मासा काठाला येतो. चिलापी सगळ्यात सोपी: बारीक गळ, गांडुळाचा तुकडा, वर बूच किंवा मोरपिसाची काडी. बूच कमरेइतक्या खोलीवर बांधा आणि होडी संथ सरकत असताना दोरी प्रवाहाबरोबर जाऊ द्या. कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून गोळा करा. मरळ पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून असते; तिला जिवंत हालचाल लागते, म्हणून लहान मासळी लावा आणि दोरी जाड ठेवा. वाम अंधार पडल्यावर, शिसं लावून तळाशी.

दोरी टाकण्याआधी पाणी निरखा. रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगत असतील तर खाली कुणाचं तरी जाळं आहे. लांबून वळसा घ्या. शेतीच्या मोटारींचे पाइप आणि वायरी पाण्यातून जातात, त्यांना होडी बांधू नका आणि हातही लावू नका. छोटा मासा परत सोडा. अंगावर खरबरीत कवच असलेला सकर मासा लागला तर मात्र सोडू नका. तो बाहेरून आलेला आहे आणि पात्र बिघडवतो.

मुक्काम

अंधाराच्या दोन तास आधी थांबा. तंबू पाण्याच्या पातळीपासून दोन पुरुष तरी उंच लावा, कारण सोडलेलं पाणी रात्री येतं तेव्हा कुणी हाळी देत नाही. पाण्याच्या कडेला काठी रोवून ठेवा आणि झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा ती बघा. होडी ओढून वर घ्या आणि झाडाला बांधा. काठ कुणाच्या तरी रानाचा असतो. शेतकऱ्याला विचारलं तर तो जागा देतो, वर हुरड्यालाही बोलावतो. न विचारता उसाच्या कडेला चूल पेटवली तर भांडण ठरलेलं.

उसात आणि काळ्या रानाच्या भेगांत घोणस असते. रात्री बॅटरी आणि बूट घातल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकू नका. चावा झालाच तर कापाकापी नको, आवळून बांधणं नको. तो अवयव न हलवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. म्हणून रोजचा मुक्काम गाडीरस्त्यापासून हाकेच्या अंतरावरच निवडायचा. परसाकडे पाण्यापासून लांब जा, खड्डा करून बुजवा. कचरा पिशवीत भरून परत आणा.

घरच्या एकाला रोजचा थांबा आणि फोनची वेळ लिहून द्या. ठरल्या वेळेनंतर तीन तासांत फोन आला नाही तर त्यानं ११२ लावायचा. शेवटच्या दिवशी गाडी दुपारी बोलवा, संध्याकाळी नको. वाऱ्यानं उशीर होतोच. घरी आल्यावर होडी आणि दोऱ्या धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर जलपर्णीची एखादी मुळी पुढच्या खेपेला दुसऱ्या तळ्यात जाऊन पडते.