साठांच्या राखणीवर 'शाळा' वाचताना

मे महिन्यात आमच्या गुहागरच्या घरी कुणी पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं की त्याला लगेच काम लागतं. म्हणून कादंबरी वाचायची असेल तर आधीच एक काम मागून घ्यावं, साठांची, म्हणजे आंबापोळीची, राखण. खळ्यात ताटांवर आंब्याचा रस वाळत असतो, कावळे टपलेले असतात, आणि राखण करणाऱ्याला कुणी उठवत नाही. हाताशी काठी, कोकमाच्या सरबताचा तांब्या आणि पडवीच्या सावलीत खुर्ची एवढं पुरे. समुद्रावर पुस्तक नेण्याची हौस फोटोपुरतीच ठीक. तिथे वाऱ्याने पानं धरवत नाहीत.

पुस्तक मिलिंद बोकिलांची 'शाळा'. 2004 साली आली. काळ आणीबाणीचा, आणि मुकुंद जोशीचं नववीचं वर्ष. ही एका बैठकीत उरकू नका. वर्गातली शिरोडकर आपल्याकडे बघते की नाही, या विचारात तो पानंच्या पानं घालवतो. घाई असेल त्याला हे रेंगाळणं वाटेल. पण वाचता वाचता आपल्या वर्गातलं कुणीतरी आठवतंच. मग पुस्तक मांडीवर पालथं ठेवून खुशाल बसून राहावं. तेवढ्यात कावळ्याने डाव साधला, तर आई बोलेल ते ऐकून घ्यावं.

सुऱ्या, चित्र्या, फावड्या या त्याच्या दोस्तांचं बोलणं मोठ्याने वाचा. मुंबईहून आलेली भाचरंही मोबाईल ठेवून ऐकतात आणि नको तिथे फिदीफिदी हसतात. हसू द्यावं.

आणीबाणीचं मात्र त्यांना आधी थोडं सांगावं लागतं: जून 1975 ते मार्च 1977, विरोधी पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. त्या वेळी शाळेत असलेलं माणूस घरात असेल तर त्यालाच शेजारी बसवा. आमची आक्का तेव्हा नववीत होती. आणीबाणी कशी होती विचारलं तर म्हणते, "कसली आणीबाणी? आमचं बीजगणित होतं!" आणि मग इरलं पांघरून घाटी उतरताना कोण कुणासाठी थांबायचं, ते सगळं नावानिशी सांगते. त्या दुपारी दोन पानंही पुढे सरकली नाहीत. चालतं.

वाचनालयाची प्रत असेल तर वर्तमानपत्राचं कव्हर घाला आणि आंबा खाऊन हात धुतल्याशिवाय तिला शिवू नका. मिरगाच्या आत परत करा, नाहीतर दमट हवेत पानांना कुबट वास धरतो.

सुजय डहाके यांचा सिनेमा चांगला आहे, राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय, पण तो नंतर बघा. आधी बघितलात तर शिरोडकरचा चेहरा ठरून जातो. आणि शेवटची प्रकरणं मोठ्याने वाचू नका. भाचरांनी ती आपापली वाचावीत.