भंगारातून जनावर उभं करायचं असेल तर

भंगारातून प्राणी बनवायचेत, सुरुवात कुठून करू, असं विचारणाऱ्यांना मी आधी वेल्डिंग शिकायला धाडतो. आर्ट स्कूल झालेलं असेल तर उत्तमच. पण आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स, नाहीतर कोल्हापुरात आमच्या उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये हेल्परकी, यातलं काहीतरी हवंच.

भंगार गोळा करायची घाई नको. आधी जनावर बघा. दाजीपूरच्या जंगलात गवा पाहिलात तर कळेल, त्याची सगळी ऐट खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेल्या उंचवट्यात आहे. तो चुकला की म्हैस झालीच म्हणून समजा. हा उंचवटा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांनी झकास साधतो, बाक आयताच मिळतो. मात्र पाट्याचं पोलाद कडक. साध्या ६०१३ नंबरच्या वेल्डिंग रॉडने थंडच जोडलं तर निवताना वेल्डच्या टाक्याशेजारी तडा जातो. गॅसने आधी तापवा, कोरडा ७०१८ नंबरचा, कमी हायड्रोजनचा रॉड वापरा आणि वारा न लागू देता हळूहळू निवू द्या.

जस्ताचा पत्रा घासून जस्त काढल्याशिवाय त्याला रॉड लावू नका. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुनी पेट्रोलची टाकी आणि बंद शॉकॲब्सॉर्बर तर तापवायचेच नाहीत, फुटतात. टाकीचा आकार कितीही मोह घालो.

उघड्यावर ठेवायचं म्हणजे पाऊस आला. पोटात, पायांत, तोंड वर करून बसवलेल्या वाट्यांत, जिथे जिथे पाणी साचेल तिथे सगळ्यात खाली भोक पाडा. गिऱ्हाइकाला गंजाचा तांबूस रंग आवडतो आणि नुसतं क्लिअर लॅकर मारा म्हणतं. आपल्याकडच्या पावसात ते टिकत नाही, कोकणात खाऱ्या हवेत तर नाहीच. घासून एपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला हात, वर रंग. दुसरा इलाज नाही. मुलं वर चढणार, म्हणून कडा ग्राइंडरने मारायच्या.

भाव किलोवर कधीच सांगू नका. एक मिलिमीटर जाडीचा चौरस मीटरभर पत्रा जेमतेम आठ किलो भरतो आणि त्यातून मोराची पिसं कापण्यात दिवसच्या दिवस जातात. बैलाच्या छातीत दोन जाड गिअर बसवले की तेवढं वजन घटकाभरात होतं. मजुरी वेगळी लावा. क्रेन, टेम्पो, काँक्रीटचा पाया आणि फाउंडेशन बोल्ट कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर ते सगळं तुमच्याच खिशातून जातं.