1927च्या धर्तीच्या रेडिओ केंद्राचं अंदाजपत्रक कसं मांडावं

सुरुवात यंत्रांच्या किमतीपासून करू नका. आधी महिन्याचा चालू खर्च काढा आणि तो कोण भरणार ते ठरवा. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने 23 जुलै 1927ला मुंबई केंद्र सुरू केलं, पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं. 6 लाखांच्या भांडवलातले साडेचार लाख उभारणीतच संपले. काटकसरीनंतरही दोन्ही केंद्रांना महिन्याला सुमारे 24,000 रुपये लागत. रेडिओ ऐकण्यासाठी श्रोत्याला सरकारी परवाना घ्यावा लागे; त्याच्या वार्षिक 10 रुपयांतले 8 कंपनीला मिळत. या हिशेबाने नुसत्या परवान्यांवर भागवायला 36,000 श्रोते हवेत. 1929 संपेपर्यंत 8,000सुद्धा झाले नव्हते. आयात रेडिओ सामानाच्या किमतीतले 10 टक्केही कंपनीला मिळत, तेही अपुरे पडले. मार्च 1930मध्ये कंपनी बंद झाली. म्हणून वर्षाचा खर्च बाजूला काढा, उरेल त्यात एकच केंद्र बांधा.

मग केंद्र किती लांबवर ऐकू यावं, तो पल्ला ठरवा. दीड किलोवॉटच्या प्रक्षेपकाला साधारण 48 किलोमीटर धरा. स्वस्त क्रिस्टल संचाला (स्फटिकावर, विजेशिवाय चालणाऱ्या रेडिओला) जोरकस लहर लागते. लांबच्या माणसाला महागडा व्हॉल्व्ह (निर्वात नळी) संच घ्यावा लागतो, तिथे परवाने कमीच निघतात. शक्ती दुप्पट केली तरी लहरीचा जोर 41 टक्केच वाढतो, तेव्हा पैसा अँटेनात आणि अर्थिंगमध्ये घाला.

357 मीटर तरंगलांबीला पाव लहर म्हणजे 89 मीटर उंची. एवढा मनोरा परवडत नाही, म्हणून दोन खांबांमध्ये आडवी तार ताणून मधून खाली तार उतरवतात. उंची घटली की प्रक्षेपणाचा रोध (लहर होऊन बाहेर जाणाऱ्या शक्तीचं माप) घटतो आणि जमिनीतला तोटा जास्त जाणवतो. प्रक्षेपणाचा आणि जमिनीचा असे दोन्ही रोध 10-10 ओहम असतील तर 1,500 वॉटपैकी 750 मातीतच जातात! तांब्याच्या उघड्या तारा अँटेनाखाली चहूकडे पसरून पुरा. सांधा नुसता पीळ देऊन सोडला तर पावसाळ्यात हिरवा पडतो, रोध वाढतो. पितळी झाळ द्याच. समुद्राकाठी इन्सुलेटरवर मिठाचा थर बसून गळती होते, ते पुसायला माणूस धरा.

विजेसाठी एकूण कार्यक्षमता 20 टक्के धरा: दीड किलोवॉट प्रक्षेपणाला साडेसात किलोवॉट वीज, रोज चार तास, महिन्याला 900 युनिट. प्रत्येक व्हॉल्व्हला किमान एक जोड राखीव ठेवा. टंगस्टन फिलामेंटला 5 टक्के जादा व्होल्टेज दिलं तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, त्यामुळे चांगला व्होल्टमीटर आणि फिलामेंटचा रिओस्टॅट (कमी-जास्त करता येणारा रोध) यादीतून कधीच कापू नका.